ज्ञानभाषेत शिरलेली हवा

ऑगस्ट २०२४मध्ये यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्याकडे उतरताना माझ्या सायकलचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. डाव्या हातातला लीव्हर हँडलला जाऊन टेकला आणि चाकावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. पुढचा ब्रेक शाबूत होता, पण रस्ता ओला होता आणि वळण आवळते होते. ओल्या वळणात एकट्या पुढच्या ब्रेकवर विसंबल्यावर जे व्हायचे तेच झाले. मी गटारात पडलो आणि डावे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाले त्याच आठवड्यात, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाविद्यालयात पेढे वाटण्यात आले. मीही एक खाल्ला, उजव्या हाताने.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे असे कुणी म्हणणार नाही. माझे म्हणणे असे की संबंध आहे, तो अगदी थेट आहे, आणि तो दाखवून देणे हे मराठी शिकवणाऱ्या माणसाचे काम आहे.

प्रथम वस्तुस्थिती. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांच्या धाकाने पुष्कळ प्राध्यापक सकाळी चालू लागतात. मी सायकल घेतली. जाड टायरांची, पुढे धक्के सोसणारा फोर्क असलेली, बाजारात 'एमटीबी' या नावाने मिळते तशी. तिला डिस्क ब्रेक होते, पण तारेवर चालणारे. तारेच्या ब्रेकचे दुखणे असे की हाताने ओढलेली तार आवरणातून सरकत कॅलिपरपर्यंत जाते आणि त्या आवरणात चिखल किंवा गंज शिरला की हाताचा बराचसा जोर वाटेतल्या घर्षणातच खर्ची पडतो. स्वस्त कॅलिपरमध्ये दोनपैकी एकच पॅड हलतो. तो चकतीला किंचित वाकवून दुसऱ्या पॅडवर नेऊन दाबतो. पॅड झिजतील तसतसे ते हाताने पुढे आणावे लागतात. ते राहून गेले तर लीव्हर दिवसेंदिवस हँडलच्या जवळ येत जातो. आमच्याकडच्या पावसाळ्यात हे सगळे आठ-दहा फेऱ्यांत घडते.

म्हणून मी हायड्रॉलिक ब्रेकचा संच घेतला. यात तारेच्या जागी नळी असते आणि नळीत तेल. लीव्हर दाबला की त्याच्या पोटातला लहान दट्ट्या तेलावर दाब देतो आणि तो दाब कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यांपर्यंत जसाच्या तसा पोचतो. लहान दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि मोठा २२ मिलिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळांच्या हिशेबाने मोठ्यावर जवळजवळ पाचपट जोर येतो. हा जोर फुकट मिळत नाही. असे दोन मोठे दट्टे हलवायचे असल्याने लहान दट्ट्या जेवढा सरकेल त्याच्या सुमारे एक दशांशच ते सरकतात. म्हणून पॅड आणि चकती यांच्यातली फट अगदी बारीक ठेवावी लागते. प्रत्येक मोठ्या दट्ट्याभोवती चौकोनी छेदाची रबरी कडी असते. दाब आला की ती किंचित पिळली जाते, दाब सुटला की पूर्ववत होताना दट्ट्याला मागे ओढते. पॅड झिजला असेल तर तेवढ्या अंतरापुरता दट्ट्या कडीतून पुढे घसरतो आणि झीज आपोआप भरून निघते. इतकी साधी आणि इतकी सुंदर ही योजना आहे.

संच मी शहरातल्या एका दुकानात बसवून घेतला. बसवणारा मुलगा आमच्याच महाविद्यालयात बी. ए.ला मराठी घेऊन होता. दुसऱ्या वर्षानंतर वडील गेले आणि त्याने शिक्षण सोडले. हाताचा फार चांगला. चाकाची आऊट त्याच्याइतक्या निगुतीने काढणारा दुसरा मी पाहिलेला नाही. वर्षभराने मागचा लीव्हर थोडा खोल जाऊ लागला तेव्हा मी सायकल त्याच्याकडेच नेली. वस्तुतः पॅड झिजले होते. त्याने लीव्हरवरचे झाकण उघडले, तेल खाली गेलेले दिसले, आणि शेजारच्या मोटारसायकलच्या दुकानातून 'ब्रेक ऑइल' आणून त्यात घातले.

माझा संच खनिज तेलावर चालणारा होता. मोटारसायकलच्या बाटलीतला द्रव डॉट जातीचा, म्हणजे ग्लायकॉलच्या कुळातला असतो. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे सायकलचे ब्रेक खनिज तेल मागतात. होप आणि हेज डॉट मागतात. स्रॅमने वर्षानुवर्षे डॉट वापरला आणि अलीकडच्या काही संचांत खनिज तेल स्वीकारले. खनिज तेलासाठी घडवलेली रबरी कडी डॉटमध्ये फुगते, मऊ पडते आणि शेवटी द्रव सोडू लागते. डॉटसाठी घडवलेली कडी खनिज तेलात अशीच बिघडते. यातले काहीही एका दिवसात होत नाही. दुकानातून निघताना ब्रेक झकास लागतो. तो दगा देतो काही आठवड्यांनी, आणि घाटात.

"सर, ऑइलच तर घातलं," तो मुलगा म्हणाला. त्याच्या वाक्यात खोट काढता येणार नाही. त्याच्या भाषेत, म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेत, दोन्ही द्रवांचे नाव एकच आहे: ब्रेक ऑइल. त्यातला एक द्रव मुळात तेलच नाही, हे या नावातून कळण्याची सोय नाही. लीव्हरवर इंग्रजीत फक्त खनिज तेल घालावे असे कोरलेले होते, ते त्याने वाचलेही होते. पण 'ऑइल' हा शब्द ओळखीचा निघाला आणि तिथेच घात झाला. संचासोबत आलेल्या पुस्तिकेत अनेक भाषा होत्या. त्यांत मराठी नव्हती. माझे मनगट एका नावाच्या घोटाळ्यात मोडले असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

त्या हिवाळ्यात 'ज्ञानभाषा मराठी' या विषयावरच्या एका चर्चासत्रात मी ही हकिगत सांगितली. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पाठीवर हात ठेवून विचारले, "काय सर, पुढचा पेपर पंक्चरवर का?" दुसऱ्या एका विद्वानांनी अधिक गंभीरपणे सुनावले की ज्ञानभाषेचा प्रश्न हा ज्ञानमीमांसेचा आहे, त्यात पान्हे-पकडी आणू नयेत. पुढे मी हेच मुद्दे लिहून एका नियतकालिकाकडे पाठवले. लेख परत आला. सोबत सौजन्यपूर्ण चिठ्ठी होती: लेख माहितीपूर्ण आहे, तथापि साहित्यबाह्य आहे.

या प्रतिक्रिया व्यक्तींच्या नाहीत, एका वृत्तीच्या आहेत. तिच्याशी भांडायचे तर तिचे आक्षेप एकेक करून घ्यावे लागतील.

पहिला आक्षेप: हे साहित्यबाह्य आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७मध्ये आल्या. तेव्हापासून यंत्रयुगीन संवेदना या विषयावर आपण किती लिहिले, किती बोललो, किती प्रबंध तपासले! त्या यंत्राच्या आत काय असते, असा प्रश्न या प्रदीर्घ चर्चेत कितीजणांना पडला? नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६चे. ते आपण अभ्यासक्रमाला लावतो, त्यातल्या श्रमिक जाणिवेवर दहा गुणांचा प्रश्न काढतो. त्या विद्यापीठात नेमके काय शिकवले जाते याची चौकशी मात्र करत नाही. पास्कलचेच उदाहरण घ्या. माणसाच्या क्षुद्रतेविषयी आणि थोरवीविषयी चिंतन करणारा पास्कल आपल्या वैचारिक लेखनात अधूनमधून भेटतो. ते चिंतन त्याच्या मृत्यूनंतर १६७०मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १६६३मध्ये, त्याचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा माझ्या ब्रेकच्या मुळाशी असलेला नियम त्याचाच. पास्कल एकच होता. त्याचे दोन तुकडे आपण केले. एक तुकडा मराठी विभागाने घेतला, दुसरा भौतिकशास्त्राच्या विभागाला दिला, आणि दोन विभागांच्या मध्ये चहाचे कँटीन ठेवले.

दुसरा आक्षेप: मराठीत या गोष्टींना शब्दच नाहीत. हा आक्षेप दोन परस्परविरोधी गोटांतून येतो. एक गोट म्हणतो, मग इंग्रजीतच शिका. दुसरा म्हणतो, मग शब्द घडवा. आणि 'द्रवचालित चकती-गतिरोधक' असले काहीतरी घडवून मोकळा होतो. मराठी माणसाच्या दृष्टीने गतिरोधक रस्त्यावर असतो आणि तो पाहून ब्रेक दाबायचा असतो, हे त्याच्या गावीही नसते. दोन्ही गोटांनी एक गोष्ट केलेली नाही: कान देऊन ऐकण्याची. हायड्रॉलिक ब्रेकमधले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे नळीत अडकलेली हवा बाहेर काढणे. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून दाब पुढे पोचतो. हवा आकसते, म्हणून तेलात बुडबुडा असला की हाताचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच संपतो आणि लीव्हर स्पंजासारखा लागतो. या कामाला मराठीत शब्द आहे काय? कुठल्याही खेड्यात जाऊन विचारा. डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली की शेतकरी म्हणतो, "इंजिनानं एअर घेतली, एअर काढायला पाहिजे." 'एअर घेणे' आणि 'एअर काढणे' ही दोन्ही क्रियापदे अस्सल मराठी वळणाची आहेत, पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आणि कुठल्याही परिभाषा समितीची बैठक न भरवता तयार झालेली आहेत. दट्ट्या, पीळ, आटे, वायसर, छर्रे हे शब्दही असेच. शब्दांचा तुटवडा नाही. ज्यांच्या तोंडी ते आहेत त्यांना आपण कधी ज्ञाते मानले नाही.

तिसरा आक्षेप डावीकडून येतो, म्हणून तो अधिक बोचतो: महागडी सायकल, महागडे ब्रेक, ही मध्यमवर्गाची चैन आहे, तिच्यासाठी भाषेला कशाला वेठीला धरता? साधे रबरी ठोकळ्यांचे ब्रेक आपल्या वडिलांना पुरले नव्हते काय? वडील बहुधा सपाटीवरून कचेरीत जात होते, हे प्रथम लक्षात घ्यावे. घाटाचे गणित निराळे असते. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन ४०० मीटर खाली उतरले, तर सुमारे साडेतीन लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. काही वाऱ्यात जाते. आपण रेंगाळत, ब्रेक दाबून उतरलो तर बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी उकळीला येईल. ओल्या रिमवर घासणाऱ्या रबराकडून हे काम करून घेणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय. आणि चैनीचे म्हणाल, तर आज शाळकरी मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींनाही चकत्या लावून विकतात. चकती दिसते म्हणून बापाला वाटते ब्रेक चांगला आहे. ती चकती वाकडी आहे, पॅड एकाच बाजूने हलतो, तार ढिली झाली आहे, हे त्याला कोण सांगणार? ज्याला इंग्रजी वाचता येते तो वाचून घेतो. अडतो तो दुसराच. तेव्हा मराठीत न लिहिण्याचा फायदा कुठल्या वर्गाला होतो, हे माझ्या डाव्या मित्रांनी एकदा मोजून पाहावे.

चौथा आक्षेप आजच्या काळाचा: व्हिडिओ आहेत की! आहेत, आणि पुष्कळ चांगले आहेत. त्या मुलानेही पाहिले होते. व्हिडिओत एक हात दिसतो, झाकण उघडताना दिसते, बाटलीतून काहीतरी ओतलेले दिसते. काय ओतले हे दिसण्याची गोष्ट नाही, सांगण्याची गोष्ट आहे. आणि का, हे तर बोटाने दाखवताच येत नाही. त्यासाठी 'कारण', 'म्हणून', 'अन्यथा' हे शब्द लागतात. गद्याचा जन्मच या शब्दांसाठी झालेला आहे.

आता आक्षेप बाजूला ठेवून प्रयोग करू. हात बरा झाल्यावर मी नवा संच आणला आणि एका रविवारी त्या मुलाबरोबर, त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून तो बसवला. काय केले ते मराठीत सांगतो. कुठे अडते ते वाचकांनी पाहावे.

आधी तपासणी. सायकलच्या सांगाड्यावर आणि फोर्कवर कॅलिपर धरण्यासाठी कान आहेत काय आणि चाकाचे हब चकती घेते काय, हे पाहावे. ते नसेल तर पुढचा खर्च व्यर्थ आहे. चकत्या साधारणतः १६०, १८० आणि २०३ मिलिमीटर व्यासाच्या येतात. मोठी चकती अधिक थोपवते, पण फोर्कवर ताणही अधिक आणते. म्हणून फोर्क बनवणाऱ्याने घातलेली मर्यादा ओलांडू नये आणि चकती बदलल्यास कॅलिपरखाली त्या मापाची बैठक लावावी. जुनी चकतीच ठेवायची असेल तर तिच्यावर कोरलेला मजकूर वाचावा. काही चकत्यांवर केवळ रेझिनचे पॅड वापरावेत असे लिहिलेले असते. त्यांना धातुमिश्रित पॅड लावले तर चकती लवकर झिजते. स्वस्त सायकलींत गिअरचा खटका आणि ब्रेकचा लीव्हर एकाच सांगाड्यात असतात. तशी जोडी असेल तर खटकाही वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरावा. माझ्या सायकलीत पहिल्या वेळी हा खर्च ऐनवेळी उपटला होता.

मग बाजू. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटारसायकलला असतो तसाच. परदेशी बाजारासाठी बांधलेल्या संचात तो पुष्कळदा डाव्या हाताला येतो. तसाच बसवला तर नेहमी वापरून हे अंगवळणी पडेलही. पण संकटात हात जुन्या सवयीने चालतो आणि मागचा समजून पुढचा दाबला जातो. म्हणून नळ्या सोडवून बाजू बदलून घ्याव्यात.

चकतीचे सहा स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे करत आवळावेत. किती आवळायचे हे न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते: एका कंपनीच्या चकतीला २ ते ४, दुसरीच्या चकतीला ६च्या आसपास. हे एकक भीतिदायक वाटते, पण ६ न्यूटन-मीटर म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला तीन किलो वजन टांगल्यावर पडेल तेवढा पीळ. नळी जास्तीची असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लांबी ठरवावी आणि धारदार पात्याने सरळ काटकोनात कापावी. कापलेल्या तोंडात धातूची बारीक नळकांडी ठोकतात आणि तोंडावर पितळी कडी चढवतात. नट आवळताना ही कडी चेपते आणि चेपूनच तेल अडवते. म्हणून ती एकदाच वापरता येते. सोडली की नवी घालावी.

आता एअर काढणे. पॅड काढून दूर, स्वच्छ जागी ठेवावेत आणि दट्ट्यांच्या मध्ये त्यासाठीच मिळणारा प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावा. लीव्हर आडवा करून त्यावर लहान गाळणे लावावे, खाली कॅलिपरला तेलाने भरलेली सिरिंज जोडावी आणि तेल खालून वर ढकलावे. खालून वर अशासाठी की बुडबुड्यांची जाण्याची दिशा तीच आहे. आपण त्यांच्या मागून जावे. मधूनमधून नळीवर टिचक्या माराव्यात. गाळण्यात बुडबुडे येणे थांबले आणि लीव्हर टणक लागू लागला की काम झाले. सगळे तोंड बंद करून, सांडलेले पुसून, चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून मगच पॅड परत घालावेत. पॅडला तेलाचा थेंब लागला तर तो बदलावा. घासून पुसून त्याचा भरवसा येत नाही. चाक काढलेले असताना लीव्हर दाबू नये, कारण मध्ये चकती नसली की दट्टे पुढे येऊन बसतात.

कॅलिपरचे बोल्ट ढिले ठेवून लीव्हर घट्ट दाबावा. कॅलिपर आपसूक चकतीच्या मधोमध येतो. तसाच दाबून धरून बोल्ट आलटूनपालटून ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. मागे पांढरा कागद धरला तर चकतीच्या दोन्ही अंगांना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. शेवटी सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यावा आणि चाक अडकू न देता चालण्याच्या गतीपर्यंत उतरवावा. असे प्रत्येक ब्रेकने वीसेक वेळा करावे. पॅडचा पातळ थर चकतीवर चढल्यावरच ब्रेकला त्याचा खरा चावा येतो. तोवर घाटात जाऊ नये.

झाले. यात काही शब्द इंग्रजी आहेत. पेन आणि टेबलही आहेत. वाक्ये मराठी आहेत, आणि ज्याला सहावी-सातवीपर्यंतचे मराठी येते त्याला ती कळतील. मग हे मराठीत कुणी का लिहून ठेवत नाही?

एकेकाळी ठेवत होते. १८८८मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आले, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि त्या कारखान्याच्या गावातून १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याची खबरबात देणाऱ्या या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. त्याच घरातून १९३०मध्ये 'स्त्री' आले. मराठी मध्यमवर्गाची वाङ्मयीन आणि सामाजिक अभिरुची ज्या मासिकांनी घडवली त्यांच्या मुळाशी असे सायकलचे दुकान आहे, कारखान्याचे तेल आहे. आपण मासिकांवर प्रबंध लिहिले आणि हात धुऊन टाकले. साहित्यबाह्य हा शब्द वापरण्यापूर्वी आपल्या साहित्याच्या घराला दार कुठून आहे, हे तरी पाहायला हवे होते.

माझ्या या भांडणात मी स्वतःला बाजूला ठेवू इच्छित नाही. त्या मुलाला दोन वर्षे मी शिकवले. काय शिकवले? त्या रविवारी सिरिंजमध्ये तेल भरता भरता त्याने मला शार्दूलविक्रीडिताचे गण म्हणून दाखवले: म, स, ज, स, त, त, ग. एकही चुकला नाही. वृत्ते शिकवू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याला ती आठवत होती, आणि आठवताना तो हसत होता. पण एखादी कृती नेमकी, क्रमाने आणि कारणांसह सांगणारा एक परिच्छेद मी त्याच्याकडून दोन वर्षांत कधी लिहून घेतला नाही, की त्याच्यापुढे वाचला नाही. आपल्या उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत निमंत्रणपत्रिका आहे, सूत्रसंचालन आहे, जाहिरातलेखन आहे, वृत्तलेखन आहे. माणसाचा जीव ज्या लेखनावर अवलंबून असू शकतो ते सूचनालेखन एक तर नाही, किंवा असल्यास दोन गुणांच्या टिपेपुरते आहे.

म्हणून एक मागणी. प्रत्येक मराठी विभागाने वर्षाला एक सूचनापत्र तयार करावे. विषय गावातला घ्यावा: पंप, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, सायकलचा ब्रेक. विद्यार्थ्यांनी तो कारागिराजवळ बसून समजून घ्यावा आणि लिहावा. गुण देण्याची रीत सोपी आहे. ज्याला ते काम येत नाही अशा माणसाच्या हाती कागद द्यावा. काम बिनचूक झाले तर लेखन उत्तम, न झाल्यास पुन्हा लिहावे. इतका कठोर आणि इतका निःपक्षपाती निकष मराठी समीक्षेला आजवर मिळालेला नाही. कदाचित त्यामुळेच ही सूचना कुणी मनावर घेणार नाही, याची मला कल्पना आहे.

असो. मी माझ्यापुरता एक कागद लिहून त्या दुकानाच्या भिंतीवर लावला. पहिलेच वाक्य असे होते: 'खनिज तेलाव्यतिरिक्त अन्य कोणत्याही द्रवाचा वापर करण्यात येऊ नये.' महिन्याभराने गेलो तेव्हा कागदाला तेलाचे बोट लागले होते आणि माझे वाक्य निळ्या पेनाने खोडलेले होते. वर त्याच्या अक्षरात लिहिले होते: 'यात गाडीचं ब्रेक ऑइल घालायचं नाही. रबर फुगतं.' माझ्या वाक्यात हुकूम होता; कारण त्याच्या वाक्यात आहे. ज्ञानभाषा कशाला म्हणावे, या वादात यापुढे मी त्याचे वाक्य पुराव्यादाखल पुढे ठेवणार आहे. चर्चासत्राच्या संयोजकांना त्या कागदाची छायाप्रत पाठवली आहे. अद्याप पोच आलेली नाही.